आरशातून आत्मचित्र रंगवताना

समोर बसायला माणूस मिळत नाही, ही व्यक्तिचित्रण शिकणाऱ्या प्रत्येकाची जुनी अडचण आहे. घरची माणसे पहिले वीस मिनिटे कौतुकाने बसतात, त्यानंतर त्यांना कुकरची शिट्टी आठवते किंवा फोन येतो. आणि पैसे देऊन मॉडेल बसवणे सगळ्यांनाच परवडत नाही. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगनेही सप्टेंबर १८८८ मध्ये फ्रान्समधील आर्लहून भावाला लिहिलेल्या पत्रात, मॉडेल मिळत नाही म्हणून स्वतःला पाहून काम करता येईल असा बऱ्यापैकी आरसा मुद्दाम विकत घेतल्याचे कळवले होते. आरशातला माणूस आपण उभे राहू तितका वेळ उभा राहतो, चित्र आवडले नाही तरी रुसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला हजर असतो.

हा मॉडेल फुकटचा असला तरी सोपा मात्र नाही. दुसऱ्याचे चित्र काढताना पाहणारा हलतो आणि बसणारा स्थिर असतो. येथे पाहणारा, बसणारा आणि रंग लावणारा असे तिघेही एकाच शरीरात असतात. आपण पॅलेटकडे वळलो की मॉडेलची मान वळते, आपण हात उचलला की त्याचा खांदा उचलला जातो, आणि नाक नीट जमत नाही म्हणून आपण पुढे वाकलो की नाकही पुढे येते. त्यामुळे आत्मचित्राचे निम्मे काम रंगाची ट्यूब उघडण्यापूर्वीच करायचे असते. आरसा, उजेड, पाय आणि मान या चार गोष्टी कशाने तरी बांधून ठेवल्या की उरलेले काम इतर कोणत्याही व्यक्तिचित्रासारखेच होते. या लेखात तैलरंगातील छोट्या आत्मचित्राची पद्धत दिली आहे. कोळसा किंवा जलरंग वापरणाऱ्यांना त्यातील मांडणीचा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल.

काचेवरची अर्धी प्रतिमा

सुरुवात एका लहान प्रयोगाने करावी. अंघोळीनंतर न्हाणीघरातील आरशावर वाफ धरलेली असताना एक डोळा मिटावा आणि आपल्या चेहऱ्याची बाह्यरेषा बोटाने काचेवर गिरवावी. टाळूपासून हनुवटीपर्यंतची ही आकृती मोजली, तर ती खऱ्या डोक्याच्या बरोबर निम्मी भरते. प्रौढ माणसाचे डोके साधारण २२ ते २३ सेंटिमीटर उंच असते. काचेवरची आकृती साडेअकरा सेंटिमीटरांच्या आसपास येते. आपण मागे सरकलो किंवा पुढे आलो तरी हे माप बदलत नाही, कारण आपली प्रतिमा काचेच्या मागे तितक्याच अंतरावर असते जितके आपण काचेच्या पुढे असतो, आणि काच नेहमी त्या दोहोंच्या बरोबर मध्यावर राहते. बहुतेकांना हे पटत नाही, म्हणून प्रयोग स्वतः करून पाहावा.

या एका गोष्टीतून कामाच्या तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, फार मोठा आरसा लागत नाही. डोके आणि खांदे दिसण्यासाठी १२ बाय १६ इंचांचा आरसा पुरतो. दुसरी म्हणजे, आरसा दोन फुटांवर असेल तर आपण चेहरा चार फुटांवरून पाहत असतो. एक फुटावर आरसा धरला तर चेहरा दोनच फुटांवर येतो, नाक फुगते आणि कान मागे पळतात. इटालियन चित्रकार पार्मिजानिनो याने १५२४ च्या सुमारास बहिर्गोल आरशात पाहून रंगवलेल्या चित्रात त्याचा काचेजवळचा हात चेहऱ्यापेक्षा मोठा दिसतो. तेथे ती गंमत हेतुपूर्वक केलेली होती, आपल्याकडून ती नकळत होऊ नये. चाळिशीच्या चष्म्याचा प्रश्नही याच अंतरातून येतो. कॅनव्हास दोन फुटांवर आणि चेहरा चार फुटांवर, अशी नजरेची सतत ये-जा असल्यामुळे दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगे वापरणारा माणूस नकळत हनुवटी वर-खाली करत राहतो, आणि प्रत्येक वेळी मॉडेल बदलते. अशा वेळी दोन्ही अंतरांना चालेल असा साधा एकच नंबर असलेला जुना चष्मा शोधून तोच घालावा, आणि चित्रातही तोच रंगवावा.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगी आहे. कॅनव्हास आरशाला खेटून, त्याच्याच पातळीत, म्हणजे दोघांचे पृष्ठभाग एका रेषेत येतील असा उभा केला आणि चित्र काचेवर दिसते तेवढ्याच आकाराचे, म्हणजे निम्म्या आकाराचे काढले, तर मापे वाढवण्या-घटवण्याचा प्रश्नच उरत नाही. डोळ्यांची रेषा आरशात ज्या उंचीवर दिसते, त्याच उंचीवर ती कॅनव्हासवर येते. पहिली दोन-तीन आत्मचित्रे याच पद्धतीने करावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. खऱ्या आकाराच्या जवळ जाण्याची हौस नंतरही भागवता येते.

आरसा निवडणे आणि बसवणे

आरसा सपाट असला पाहिजे. हे विधान वाचून हसू येईल, पण स्वस्तातला तीन मिलिमीटर जाडीचा आरसा पातळ पाठीवर चिकटवलेला असला की किंचित वाकतो, आणि त्यातला चेहरा उंचीने किंवा रुंदीने ताणला जातो. माझे पहिले आत्मचित्र पाहून घरातल्या सर्वांनी मला काही दिवस आजारी होतास का असे विचारले होते. दोष हाताचा नव्हता, आरसा मधोमध पोटात गेलेला होता. परीक्षा सोपी आहे. एक सरळ फूटपट्टी आरशासमोर आडवी धरून सावकाश वर-खाली करावी आणि मग उभी धरून डावी-उजवीकडे न्यावी; तिच्या प्रतिमेची कड कुठेही लवली, तर तो आरसा कामाचा नाही. पाच मिलिमीटरची काच घ्यावी. साध्या काचेत लोहाचा अंश असल्याने तिच्यात किंचित हिरवी झाक असते. पांढरा कागद आरशासमोर धरून कागद आणि त्याची प्रतिमा एकमेकांशेजारी पाहिल्यास ती लक्षात येते. एकदा ती नजरेत भरली की पुढे रंग मिसळताना तिचा हिशेब धरता येतो.

आरसा पूर्ण ओळंब्यात उभा असावा. खुर्चीवर ठेवून भिंतीला टेकवलेला आरसा खाली असतो आणि मागे कललेला असतो, त्यात नाकपुड्या आणि हनुवटीचा खालचा भाग नको तितका दिसतो. शिवाय तो रोज थोडा थोडा घसरतो. दुसरे ईझल, म्हणजे चित्र उभे ठेवायची घोडी, असेल तर उत्तम, नसेल तर कपाटाच्या दाराला किंवा भिंतीला पक्का लावावा आणि कॅनव्हास त्याच्या शेजारी टांगावा. आरशाचा मध्य आपल्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्यापेक्षा थोडा खाली असावा, म्हणजे खांदेही मावतात.

उजव्या हाताने रंगवणाऱ्याने आरसा डाव्या बाजूला आणि कॅनव्हास उजव्या बाजूला ठेवावा. असे केले की रंग लावणारा हात चेहऱ्याच्या प्रतिमेच्या आड येत नाही. डावखुऱ्यांनी याच्या उलट मांडणी करावी.

उजेड

चित्रकारांच्या पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीची महती वाचायला मिळते. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा उजेड येतो, आणि तो दिवसभर फारसा बदलत नाही, हे त्यामागचे कारण आहे. मात्र हा नियम युरोपात जितका बिनचूक आहे तितका आपल्याकडे नाही. मुंबई साधारण १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तेथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्याशिवाय २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे या सहा महिन्यांत सकाळी लवकर आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत शिरते. जून-जुलैमध्ये बहुधा ढगच असल्याने हे जाणवत नाही, पण मे महिन्यातल्या संध्याकाळी ते हमखास जाणवते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीचा खरा हंगाम आहे. उत्तरेची खिडकी नसेल तर दुसऱ्या कोणत्याही खिडकीवर पांढरा मलमलीचा पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावून काम होते; फक्त रोज तीच दोन तासांची वेळ पाळावी लागते.

खिडकी आपल्या डाव्या हाताला, थोडी पुढे असावी. ती पाठीमागे असली तर चेहरा अंधारात जातो, आणि आरशाच्या मागे, म्हणजे बरोबर समोर असली तर सावल्याच पडत नाहीत व चेहरा पुरीसारखा सपाट दिसतो. खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड कागदाने झाकला तर उजेड वरून तिरका येतो. भुवईखाली, नाकाखाली आणि खालच्या ओठाखाली सावली पडते, आणि हाडांची ठेवण कळू लागते. डाव्या बाजूच्या उजेडात आपल्या उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही, हा आणखी एक फायदा. खोलीतील बाकीचे सगळे दिवे बंद ठेवावेत. नैसर्गिक उजेडात एक पिवळा बल्ब मिसळला की सावलीचे रंग ओळखणे अशक्य होते.

रात्रीच काम करणे भाग असेल, तर ५००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा, आणि रंग किती खरे दिसतात हे सांगणारा रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय) ९० पेक्षा अधिक असलेला एकच एलईडी दिवा वापरावा, आणि त्याच्या टप्प्यात चेहरा व कॅनव्हास दोन्ही येतील असे पाहावे. चेहऱ्यावर एक दिवा आणि पॅलेटवर दुसऱ्याच रंगाचा दिवा, अशा मांडणीत मिसळलेला रंग सकाळी पाहिला की भलताच निघतो.

पाय, मान आणि नजर

उभे राहून काम करावे. बसले की पाठ हळूहळू सैल पडते आणि तासाभरात डोके दीड-दोन इंच खाली गेलेले असते. फरशीवर पावलांच्या बाहेरून खडूने रेघ मारावी, किंवा त्याहून बरे म्हणजे चिकटपट्टी लावावी, कारण खडू केर काढताना पुसला जातो.

आता आरशावर दोन ठिपके द्यायचे असतात. पांढऱ्या रंगाचा किंवा साबणाचा बारीकसा ठिपका एका डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर आणि दुसरा कानाच्या पाळीच्या टोकावर द्यावा. ठिपके देताना आणि नंतर जुळवताना एक डोळा मिटावाच लागतो, कारण काच जवळ आणि प्रतिमा लांब असल्याने दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यास ठिपका दुहेरी दिसतो. दर वेळी उघडा ठेवायचा डोळा मात्र तोच असावा. पॅलेटवरून नजर वर आली की आधी ठिपके जुळवायचे, मग पाहायचे. दोन दिवसांत ही सवय अंगवळणी पडते. पहिला ठिपका डोके वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकल्याचे दाखवतो, दुसरा मान वळल्याचे किंवा कलल्याचे दाखवतो. पुढे-मागे सरकल्याचे मात्र दोन्ही ठिपके जवळजवळ दाखवत नाहीत, कारण आधी पाहिल्याप्रमाणे काचेवरचे माप अंतराने बदलत नाही. म्हणूनच पावलांच्या खुणांना पर्याय नाही.

नाकाचा रोख किंचित कॅनव्हासकडे ठेवून नजर तेवढी आरशाकडे वळवली, तर तीन-चतुर्थांश चेहरा दिसतो. जगातल्या कितीतरी आत्मचित्रांत दिसणारी ती तिरकी, रोखलेली नजर या साध्या शारीरिक सोयीतून आलेली आहे. तिच्यात दर वेळी गूढ अर्थ शोधण्याचे कारण नाही. नवशिक्याला ही बाजू समोरच्या चेहऱ्यापेक्षा सोपी जाते, कारण नाकाची उंची कडेने दिसते.

चेहऱ्यावरच्या भावाची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. लक्ष देऊन पाहणाऱ्या माणसाच्या भुवया जवळ येतात आणि ओठ मिटतात. पहिल्यांदा केलेली आत्मचित्रे बहुधा रागावलेली दिसतात ती यामुळे. हसरा चेहरा धरून ठेवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, पाच मिनिटांत त्याचे दात विचकणे होते. दर पंधरा मिनिटांनी डोळे मिटून, जबडा सैल सोडून, एक दीर्घ श्वास घ्यावा आणि डोळे उघडल्याबरोबर ओठांचे कोपरे कोठे आहेत ते टिपावे. चित्रात तेच कोपरे घ्यावेत.

साहित्य

१२ बाय १६ इंचांचा, प्राइमर लावलेला कॅनव्हास किंवा कॅनव्हास बोर्ड घ्यावा. हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, चपटे ब्रश ४, ६ आणि ८ क्रमांकाचे, एक मऊ गोल ब्रश, पॅलेट नाइफ, टर्पेंटाइन, थोडे जवसाचे तेल आणि जुन्या सुती धोतराची किंवा साडीची फडकी इतके पुरे आहे. रंग पुढीलप्रमाणे: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), कॅडमियम रेड, अलिझरीन क्रिमसन (गडद किरमिजी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अल्ट्रामरीन ब्लू आणि व्हिरिडियन (निळसर हिरवा). काळा मुद्दाम वगळला आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळले की केसांना पुरेल इतका काळा तयार होतो आणि तो हवा तसा थंड किंवा उबदार करता येतो.

दोन सूचना आवश्यक आहेत. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकल्यास ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ती पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. कॅडमियमचे रंग पोटात जाऊ नयेत, आणि आपण हाताने जेवणारी माणसे आहोत; तेव्हा ताटावर बसण्यापूर्वी नखांतला रंगही निघाला पाहिजे.

आदल्या दिवशी कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर फिरवून फडक्याने पुसून काढावा. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडद भासतो; या मध्यम तपकिरी पृष्ठभागावर उजेड आणि सावली दोन्हींचा अंदाज बरोबर येतो. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू करता येते.

रेखाटन

आरसा आणि कॅनव्हास यांच्या वरच्या कडा एका पातळीत असल्याची खात्री करून दोन्हींवरून आडवा जाणारा दोरा ताणावा. दोरा आधी डोळ्यांच्या कोपऱ्यांच्या उंचीवर धरून कॅनव्हासवर खूण करावी; मग टाळू, भुवई, नाकाचा तळ, ओठांची फट, हनुवटी, आणि खांद्याचा वरचा उतार. सात खुणांत चेहऱ्याची उंची पक्की होते. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात; नवशिके ते नेहमी वर नेतात, कारण त्यांना कपाळ रिकामे वाटते आणि रिकाम्या जागेचे महत्त्व ओळखता येत नाही.

रुंदीसाठी कंपासपेटीतला डिव्हायडर घ्यावा. त्याची टोके थेट काचेवर टेकवून डोळ्यांच्या बाहेरील कोपऱ्यांमधले अंतर, नाकपुड्यांची रुंदी, ओठांची रुंदी घ्यावी आणि तशीच कॅनव्हासवर उतरवावी. मोजताना आपण थोडे पुढे झुकलो तरी माप जवळपास तेच राहते, मान मात्र वळू देऊ नये. उभ्या रेषेसाठी गवंड्याचा ओळंबा किंवा दोऱ्याला बांधलेला एखादा नट आरशासमोर धरावा, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या बरोबर खाली नाकपुडी येते की ओठाचा कोपरा, ते पाहावे. कपाळावर टिकली लावण्याची सवय असलेल्यांना एक आयती सोय आहे. टिकली हा चेहऱ्याच्या मध्यरेषेवरचा न हलणारा बिंदू असतो. टिकली, नाकाचे टोक आणि हनुवटीचा मध्य यांना जोडणारी रेषा पाहिली की मान किती कलली आहे हे तत्काळ समजते.

रेखाटन कोळशाने करून झटकून टाकावे आणि राहिलेल्या पुसट रेषांवरून पातळ अंबरने ब्रश फिरवावा. या टप्प्यावर पापण्या, केसांच्या बटा, ओठांच्या सुरकुत्या काढू नयेत. डोळ्याच्या जागी खोबणीचा आकार काढावा, नाकाच्या जागी एक पाचर काढावी.

मग डोळे किलकिले करावेत. तपशील विरघळतात आणि चेहऱ्याचे फक्त दोन भाग उरतात: उजेडातला आणि सावलीतला. सावलीचा तो सगळा भाग, डोळ्याची खोबणी, नाकाची बाजू, गालाची कड, गळा, असा एकसंध जोडलेला एकच आकार समजून पातळ अंबरने भरावा. साम्य येथेच येते. दहा फुटांवरून रस्त्याच्या पलीकडचा ओळखीचा माणूस आपण पापण्यांवरून ओळखत नाही. या टप्प्यावर चेहरा ओळखीचा वाटत नसेल, तर पुढे रंग लावून तो ओळखीचा होणार नाही. फडक्याने सगळे पुसावे आणि पुन्हा सुरुवात करावी. वाळायच्या आत पुसता येते, हीच तैलरंगाची मोठी उदारता आहे.

कातडीचा रंग

बाजारातल्या ट्यूबवर ‘फ्लेश टिंट’ असे लिहिलेला गुलाबी रंग गोऱ्या युरोपीय कातडीसाठी कल्पिलेला आहे, आणि आपल्या चेहऱ्यावर तो पावडर थापल्यासारखा दिसतो. गहूवर्णी कातडीच्या उजेडातल्या भागासाठी यलो ऑकर दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, पांढरा अर्धा ते एक भाग आणि ब्रशच्या टोकाला येईल एवढा अल्ट्रामरीन असे मिश्रण सुरुवातीला करावे. सावळ्या वर्णासाठी पांढरा कमी करून सिएना आणि थोडा अलिझरीन वाढवावा. हे फक्त आरंभाचे मिश्रण आहे. खरे उत्तर आरशातच मिळते, आणि ते मिळवण्याची युक्ती अशी: मिसळलेला रंग पॅलेट नाइफच्या टोकावर घेऊन तो आपल्या गालाशेजारी धरावा आणि दोन्ही आरशात पाहावेत. नाइफवरच्या रंगावर आणि गालावर एकच उजेड पडलेला असतो आणि दोन्ही त्याच काचेतून येतात, त्यामुळे रंग फार पिवळा आहे, फार फिकट आहे, की फार तांबडा आहे, हे वादाशिवाय ठरते. समोर दुसरा माणूस बसलेला असताना त्याच्या गालाला असा चाकू लावता येत नाही.

सावळ्या आणि गव्हाळ कातडीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. कातडी जितकी गडद, तितकी तिच्यावरची चमक अधिक उठून दिसते, आणि खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर ती चमक निळसर असते. तेथे पांढऱ्यात पिवळा न घालता किंचित अल्ट्रामरीन घालावा. कपाळ बहुधा गालांपेक्षा गडद असते, डोळ्यांभोवती जांभळट तपकिरी वर्तुळ असते आणि ओठांच्या कडा कातडीपेक्षा गडद असतात. या गोष्टी सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत दोष मानल्या जातात, पण चित्रकाराला त्याच चेहऱ्याला रंग देतात. नाक, कान आणि गालांच्या मध्यभागी रक्ताचा तांबूसपणा असतो, तेथे कॅडमियम रेडचा लेश पुरतो. दाढी केलेल्या हनुवटीवर व्हिरिडियनचा अंश असलेली राखाडी छटा येते.

सावली काळी नसते. बर्न्ट सिएना, अलिझरीन आणि अल्ट्रामरीन यांचे पातळ मिश्रण तेथे लावावे, आणि पांढरा शक्यतो अजिबात वापरू नये. पांढऱ्याने सावली खडूसारखी होते. जबड्याच्या कडेखाली सदऱ्याचा रंग परावर्तित होतो, पिवळा सदरा असेल तर तेथे पिवळट उजळपणा दिसतो. तो मोहात पाडतो. परंतु सावलीतला सर्वांत उजळ भागही उजेडातल्या सर्वांत गडद भागापेक्षा गडदच ठेवावा, नाहीतर गोलाई मोडते.

रंग लावण्याचा क्रम असा ठेवावा: आधी सर्व सावल्या, मग पार्श्वभूमी, मग उजेडाचे मोठे पैलू, मग मधल्या छटा, आणि चमक सर्वांत शेवटी. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ असावा आणि पुढच्या थरांत तेलाचे प्रमाण वाढत जावे. याच्या उलट केले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो, आणि काही वर्षांत चित्राला भेगा पडतात.

डोळे रंगवताना एक विशेष अडचण येते. ज्या डोळ्याकडे आपण पाहतो तिकडे दोन्ही डोळे वळतात; त्यामुळे डावा पाहून डावा आणि उजवा पाहून उजवा रंगवला तर चित्रातले डोळे किंचित तिरळे होतात. एक डोळा मुख्य ठरवावा, नजर त्यावर स्थिर ठेवून दुसऱ्या डोळ्यातील बुबुळाची जागा नजरेच्या कडेने टिपावी. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. तो वरच्या पापणीच्या सावलीत असतो, राखाडी असतो, आणि कपाळावरच्या चमकेपेक्षा नेहमी गडद असतो. खालच्या पापणीला जाडी असते आणि त्या जाडीवर उजेडाची बारीक रेघ येते. ती दिली की काजळाची जाड रेघ ओढण्याचा मोह आपोआप टळतो. नाक, ओठ आणि कान यांच्याबाबत इतकेच, की कडा सगळीकडे सारख्या तीक्ष्ण ठेवू नयेत. उजेडाकडची एखादी कड धारदार असावी, बाकीच्या सावलीत विरू द्याव्यात.

उलटे चित्र

आरशातले चित्र डावे-उजवे उलटे येते, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही ते ऐनवेळी गोंधळात टाकते. व्हॅन गॉगने डावा कान कापून घेतला होता, पण जानेवारी १८८९ मध्ये रंगवलेल्या चित्रांत पट्टी उजव्या कानावर दिसते, ती यामुळे. लंडनच्या केनवूड हाऊसमध्ये असलेल्या, १६६५ च्या सुमाराच्या आत्मचित्रात डच चित्रकार रेम्ब्रांटने आधी हातांची मांडणी आरशात दिसते तशी केली होती आणि नंतर पॅलेट दुसऱ्या हातात नेले, हे क्ष-किरण तपासणीत दिसून आले आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ मध्ये, तेराव्या वर्षी, आरशात पाहून स्वतःचे रेखाटन केले, आणि त्यात काम करणारा हात बाहीआड ठेवला. काम करणारा हात सतत हलतो, तेव्हा तो टाळण्याची ही युक्ती आजही चांगली आहे.

आपल्याकडे हा उलटेपणा कपड्यांत आणि दागिन्यांत उघडा पडतो. डाव्या खांद्यावरचा पदर चित्रात उजव्या खांद्यावर येतो आणि पाहणाऱ्याला गुजराती पद्धतीची साडी वाटते. डाव्या नाकपुडीतली नथ किंवा चमकी उजवीकडे जाते, सदऱ्याचा खिसा बाजू बदलतो, भांग दुसऱ्या बाजूला पडतो. जे दिसते तेच रंगवावे असे माझे मत आहे. मध्येच एक गोष्ट सुलटी करायला गेल्यास तिच्यावरचा उजेड आणि घड्या कल्पनेने रंगवाव्या लागतात, आणि ते लगेच ओळखू येते. फारच खटकत असेल तर बिनखिशाचा सदरा घालावा. दोन आरसे काटकोनात जोडून सुलटी प्रतिमाही मिळवता येते, पण मधला सांधा चेहऱ्यावरून जातो आणि ठिपके जुळवताना मान भलत्या दिशेने जाते.

घरच्यांना चित्र ‘जवळपास तुझ्यासारखे, पण काहीतरी वेगळे’ वाटते, त्याचे कारणही बहुधा हेच असते. आपण स्वतःला आरशात पाहतो, ते आपल्याला समोरून पाहतात, आणि कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. त्यांनी चित्र आरशात पाहिले की त्यांची तक्रार बरीच कमी होते.

बैठका, दुरुस्ती आणि शेवट

पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती, असे दीड ते दोन तास रोज पुरतात. एवढ्या आकाराचे चित्र सहा ते आठ बैठकांत होते. विश्रांतीच्या वेळी पॅलेट खाली ठेवून आठ-दहा फूट मागे जावे आणि हातात एक छोटा आरसा घेऊन, चित्राकडे पाठ करून, त्यात चित्र पाहावे. उलटे झालेले चित्र डोळ्यांना नवे वाटते आणि वाकडा जबडा, वर-खाली झालेले डोळे, ताणलेली मान क्षणात पकडली जाते. चूक दिसल्यास ती मोठ्या ब्रशने दुरुस्त करावी. एका पापणीची चूक बहुधा त्या पापणीत नसून अख्ख्या खोबणीच्या जागेत असते.

पावसाळ्यात बैठकांमध्ये अधिक अंतर ठेवावे लागते. हवेतल्या दमटपणामुळे थर वाळायला वेळ लागतो, कॅनव्हास सैल पडतो आणि भिंतीला टेकवून ठेवल्यास पाठीमागे बुरशी धरते. पंखा चालू असलेल्या खोलीत, भिंतीपासून सुटे असे चित्र उभे करावे.

थांबण्याची वेळ ओळखण्यासाठी एक व्यवहार्य खूण आहे. सलग दोन बैठकांत आपण फक्त डोळ्यांतली चमक आणि ओठांची कड यांवरच हात फिरवत असलो, तर काम संपलेले आहे. पाठीमागे तारीख, वेळ आणि खिडकीची दिशा लिहून ठेवावी. पुढचे आत्मचित्र करताना ही नोंद उपयोगी पडते. पातळ थरांच्या चित्राला किमान सहा महिन्यांनी आणि जाड थरांच्या चित्राला वर्षभराने वॉर्निश लावावे. आरशावरचे ठिपके आणि फरशीवरची पट्टी मात्र चित्र संपल्यानंतरही आठवडाभर तशीच राहू द्यावी, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या खुणांवर पुन्हा उभे राहून पाहिले की कानाची किंवा गळ्याची एखादी राहिलेली दुरुस्ती हटकून सापडते.